घरच्या घरी ड्रम सँडर: कागद सगळ्यात शेवटी

घरी ड्रम सँडर (काचपेपर गुंडाळलेला ड्रम फिरवून त्याखालून फळी घासून नेणारं मशीन) बनवणारे बरेच जण शेवटी एकाच रडगाण्यावर येतात. फळीवर आडव्या लाटा येतात, एका बाजूची जाडी कमी निघते, मधेच एक काळी जळकी रेघ उमटते. मग व्हॉट्सअपवर फोटो येतात आणि खाली प्रश्न, "दादा, मोटर बदलू का?" मोटर बदलून काही होत नाही. असे जेवढे सँडर मी जवळून पाहिले त्यात सामान बहुतेक ठीकच होतं, घोळ क्रमाचा होता. ड्रम लेथवाल्याकडून गोल करून आणला, फ्रेमवर बसवला, काचपेपर गुंडाळला आणि बटण दाबलं. पण तो ड्रम लेथच्या सेंटरवर गोल होता हो, तुमच्या बेअरिंगवर चढल्यावर तो थोडा तरी हलणारच, आणि इथे एका पासमध्ये आपण जेमतेम पाव मिलिमीटर काढतो, मग ड्रमच अर्धा मिलिमीटर नाचत असेल तर लाटा येणार नाहीत तर काय.

म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. मापं माझ्या दुसऱ्या मशीनची आहेत (पहिलं मोडीत गेलं, त्याचं पुढे सांगतो): ड्रम ४५० मिमी लांब, १२५ मिमी व्यासाचा, वर ड्रम आणि खाली वरखाली होणारं टेबल, फळी हाताने सरकवायची. पाट, चौरंगाची फळी, कटिंग बोर्ड एवढं आरामात जातं.

## सामान घेताना

मोटर. दीड एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएम. नेमप्लेट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण २८८० ची मोटर बाहेरून तशीच दिसते आणि त्याच पुल्यांवर लावलीत तर कागदाचा वेग दुप्पट होतो, लाकूड जळतं आणि एमडीएफचा ड्रम थरथरायला लागतो. बॉडी बंद आणि मागे पंखा असलेली घ्या, उघड्या जाळीच्या मोटरमध्ये भुसा जाऊन बसतो. वॉशिंग मशीनची मोटर पडून आहे म्हणून ती लावू नका, पहिल्याच सागाच्या फळीखाली ती थांबते. पुण्यातल्या जुन्या बाजारात सेकंडहँड मोटरी मिळतात, पण तिथे ती चालवून बघा, शाफ्ट हाताने वरखाली हलवा, जराही खडखड जाणवली तर सोडून द्या.

शाफ्ट आणि बेअरिंग. २५ मिमीचा ब्राईट बार, ६५० मिमी लांब. काळा बार नको, तो नीट गोलही नसतो आणि सरळही नसतो. बेअरिंग पिलो ब्लॉक (बैठकीसकट येणारं बेअरिंग), नंबर यूसीपी २०५, दोन नग. २०४ म्हणजे २० मिमी, २०५ म्हणजे २५ मिमी, हे लिहूनच घेऊन जा, घरी येऊन परत दुकानात जाणारे मी बघितलेत. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला बेअरिंग, पुली, पट्टा सगळं एका फेरीत होतं.

पुल्या. मोटरवर ४ इंची, ड्रमवर ३ इंची, दोन्ही ए-सेक्शन (म्हणजे ए मापाच्या व्ही-पट्ट्याच्या). १४४० गुणिले ४ भागिले ३ म्हणजे ड्रम साधारण १९२० आरपीएमने फिरतो, आणि ड्रमचा घेर ३९३ मिमी धरला तर कागद सेकंदाला साडेबारा मीटर पळतो. हा वेग लाकडाला ठीक आहे. पुल्या उलट लावल्या तर ड्रम १०८० वर येतो, मशीन चालतं, पण कापत नाही नुसतं चोळतं. मोटरच्या शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजून मगच पुलीला बोअर आणि चावीची खाच करून घ्या.

बाकी. १८ मिमी एमडीएफचा ४ बाय २ फुटांचा तुकडा, फ्रेम आणि टेबलसाठी १८ मिमी मरीन प्लाय, १६ मिमीचा थ्रेडेड रॉड आणि त्याचे नट, जाड बिजागरी, सनमायका, दोन भागांचा इपॉक्सी, पांढरा गम, कापडी पाठीचा सँडिंग रोल ३ इंच रुंदीचा (८० आणि १२० ग्रिट), आणि सिंगल फेजचा डीओएल स्टार्टर. स्टार्टरचं पुढे बोलू, पण तो यादीतून काढू नका.

## टप्पा १: शाफ्ट सरळ आहे का ते बघा

ओट्याचा ग्रॅनाइट घरातली सगळ्यात सपाट जागा. घरात कोणी नसताना शाफ्ट त्यावर लोळवा. सरळ असेल तर एकसारखा घरंगळत जातो, वाकडा असेल तर एका जागी अडखळून परत मागे येतो. लोळवताना खालून मोबाईलचा टॉर्च मारा, प्रकाशाची फट कमीजास्त होताना दिसली तर बार बदलून आणा. ठोकून सरळ करायच्या नादी लागू नका.

मग शाफ्टवर ड्रमची जागा आखा. पुली नसलेल्या टोकाकडून ५५ मिमी सोडा, तिथून पुढे ४५० मिमी ड्रम, उरलेली जागा दुसरं बेअरिंग आणि पुलीची. ड्रमच्या दोन्ही टोकांपासून ३६ मिमी आत, म्हणजे दोन चकत्यांच्या जाडीवर (ड्रम १८ मिमी एमडीएफच्या गोल चकत्या चिकटवून बनतो, ते टप्पा ४ मध्ये), शाफ्टला आरपार ६ मिमीचं भोक पाडून घ्या. पंच मारल्याशिवाय ड्रिल लावाल तर बिट गोल शाफ्टवरून घसरणारच. हे पिनेचं भोक आहे, ते नाही केलं तर काय होतं ते टप्पा ४ मध्ये.

## टप्पा २: फ्रेम आणि टेबल

दोन्ही बाजूंच्या भिंती १८ मिमी प्लाय दुहेरी चिकटवून ३६ मिमीच्या करा. दोन्ही एकत्र क्लॅम्प करून एकदमच कापा, म्हणजे बेअरिंग बसायच्या वरच्या कडा आपोआप सारख्या उंचीच्या होतात. आतलं अंतर ४७० मिमी. खाली आणि मागे आडव्या पट्ट्या, स्क्रू आणि गम दोन्ही. फ्रेम दोन हातांनी धरून पिळायचा प्रयत्न करा, जरा जरी पिळली गेली तर अजून एक आडवी पट्टी मारा.

टेबल ४६५ मिमी रुंद, ६०० मिमी लांब, हेही दुहेरी प्लायचं. सनमायका वरून आणि खालून दोन्हीकडे लावा. एकाच बाजूला लावलात तर पावसाळ्यात टेबल पापडासारखं वळतं, माझं वळलं होतं. खालून दोन लोखंडी अँगल आडवे मारा.

टेबलची बिजागरी मागे, फळी जिथून बाहेर पडते तिकडे. पुढे, तुम्ही उभे राहता तिथे मधोमध १६ मिमीचा थ्रेडेड रॉड आणि त्याला हँडल. बिजागरी आणि रॉड यांच्या बरोबर मध्यावर ड्रम येईल असं बसवा, याला कारण आहे: या रॉडचे आटे २ मिमीला एक असतात, ड्रम मध्यावर म्हणजे तिथे टेबल अर्धंच उचललं जातं, म्हणून हँडलचा एक पूर्ण फेरा बरोबर १ मिमी आणि पाव फेरा पाव मिमी. हिशोब करायलाच नको. १२ मिमीचा रॉड घेतलात तर आटे पावणेदोन मिमीचे, मग प्रत्येक वेळी डोक्यात भागाकार.

तपासा: टेबलची बिजागरीकडची कड हाताने वर उचलून बघा. टक असा आवाज आला किंवा हललं तर बिजागरी ढिली आहे. ती आत्ताच बदला, कारण नंतर हाच ढिलेपणा फळीवर डावी-उजवी फरक म्हणून दिसतो आणि लोक ड्रमला शिव्या देत बसतात.

## टप्पा ३: नुसता शाफ्ट बसवून समांतर करा

हा टप्पा बहुतेक सगळे गाळतात. चकत्या अजून चिकटवायच्या नाहीत. नुसता उघडा शाफ्ट दोन बेअरिंगमध्ये घालून फ्रेमवर बसवा आणि टेबलच्या तुलनेत समांतर करा, कारण आत्ता शाफ्ट सगळा दिसतोय, नंतर तो ड्रमच्या आत जाणार.

एक लाकडी ठोकळा घ्या आणि टेबलवर ठेवून डाव्या टोकाला शाफ्टखाली सरकवा. टेबल इतकं वर घ्या की ठोकळा शाफ्टला जेमतेम घासत जाईल. आता तोच ठोकळा उजवीकडे. तिथे सैल जात असेल तर उजवं बेअरिंग उंच आहे, अडकत असेल तर डावं. जे खाली आहे त्याच्याखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घाला. कोल्ड्रिंकचा अॅल्युमिनियमचा कॅन कापून शिम करतात, एक पत्रा साधारण ०.१ मिमी. कडा धारदार असतात, बोटं सांभाळा.

मग टेबल पूर्ण खाली नेऊन, उंच ठोकळा घेऊन, हेच परत. वरच्या उंचीला बरोबर पण खालच्या उंचीला फरक, असं झालं तर दोष बेअरिंगचा नाही, बिजागरीची रेघ शाफ्टला समांतर नाहीये. बिजागरीचे स्क्रू काढून ती जरा फिरवून परत लावावी लागेल, त्याला दुसरा उपाय नाही.

जमलं की शिम इपॉक्सीने जागेवर चिकटवून टाका, बेअरिंगच्या बाजूने सुईने रेघ ओढा, "डावं" "उजवं" लिहा. मग सगळं उतरवा.

काही जण म्हणतात की पुढे ड्रम टेबलवरच घासून गोल करायचाय मग शाफ्ट समांतर कशाला. ड्रम होईल हो टेबलशी समांतर, पण तो एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा निमुळता होईल, आणि निमुळत्या ड्रमवर कागदाची पट्टी कधीच नीट बसत नाही, एका टोकाला फट आणि दुसऱ्या टोकाला चढ.

## टप्पा ४: चकत्या आणि ड्रम

एमडीएफचे १३५ मिमीचे चौकोन कापा, मध्यावर २५ मिमीचं भोक ड्रिल प्रेसवर पाडा, हातड्रिलने नाही. मग १३० मिमी व्यासाच्या गोल चकत्या. अंतिम माप १२५ आहे, वरचे ५ मिमी घासून जाण्यासाठीच ठेवलेत. ४५० ला १८ ने भागलं की २५ चकत्या, दोन जास्तीच्या करा.

भोक शाफ्टवर हाताने दाबून जाईल इतपत घट्ट हवं. दोन-चार चकत्या ढिल्या निघाल्या तर त्या मधल्या भागात वापरा, टोकांना घट्ट असलेल्या.

आता पिनेचं. पांढरा गम लोखंडाला धरत नाही. चकत्या एकमेकांना चिकटतील, सगळा ड्रम एकजीव होईल, आणि पहिल्या जड फळीला शाफ्ट आतल्या आत गर्रकन फिरेल आणि ड्रम उभाच राहील. म्हणून शाफ्टच्या त्या ६ मिमी भोकांत लोखंडी पिना ठोका आणि पिन जिथे येते त्या चकतीच्या तोंडावर खाच करून पिन तिच्यात बसवा. खाच आणि पिन इपॉक्सीत, दोन्ही टोकांच्या चकत्या शाफ्टला इपॉक्सीने, बाकी चकत्या एकमेकांना पांढऱ्या गमने.

एकदम पंचवीस चिकटवायला जाऊ नका, गम लावलेल्या चकत्या साबणासारख्या घसरतात. पाच-पाच करा, दर वेळी क्लॅम्प, दर वेळी तासभर थांबा. प्रत्येक चकती आधीच्यापेक्षा पाव फेरा फिरवून लावा, म्हणजे जड भाग एकाच बाजूला साचत नाही. शेवटी पूर्ण एक दिवस सुकू द्या. हात लावून कोरडं वाटतंय म्हणून रात्रीच मोटर जोडणारे असतात, त्यांच्यापैकी होऊ नका.

तपासा: ड्रम बेअरिंगवर बसवा, पट्टा न लावता हाताने हळू फिरवून सोडा. असं सात-आठ वेळा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे, तिथे टोकाच्या चकतीत उथळ भोकं पाडून वजन काढा. बेअरिंगचे ग्रब स्क्रू (शाफ्टला आवळणारे बिनडोक्याचे बारीक स्क्रू) जिथे टेकतात तिथे शाफ्टला कानशीने सपाट जागा करा, नाहीतर ते कितीही आवळले तरी सुटतात.

## टप्पा ५: मोटर, दिशा, स्टार्टर, हूड

मोटर खाली बसवा, पट्टा ड्रमपर्यंत वर. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघा. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमी दबला पाहिजे.

दिशा. तुम्ही पुढे उभे आहात, फळी तुमच्याकडून पलीकडे जाणार. ड्रमची खालची बाजू तुमच्याकडे फिरली पाहिजे, म्हणजे ड्रम फळीला मागे, तुमच्याकडे ढकलतो आणि तुम्ही तिला जोर लावून पुढे नेता. उलट फिरला तर ड्रम फळी हातातून हिसकावून पलीकडे फेकतो. माझ्या पहिल्या मशीनला मोटर रिवाइंड करून आणली होती, दिशा न बघताच जोडली, चूक माझीच. शिसवाचा सहा इंचाचा तुकडा ड्रमखाली टेकवला मात्र, तो दिसलाच नाही, नुसता आवाज आला. पलीकडच्या लोखंडी कपाटाला अजून पोचा आहे. त्या जागी कोणी उभं असतं तर, हा विचार मी शक्यतो करत नाही.

सिंगल फेज मोटरची दिशा स्टार्टिंग वाइंडिंगच्या दोन वायरी अदलाबदल करून बदलते, हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मग ड्रमच्या टोकावर जाड मार्करने बाण काढा.

स्टार्टर का म्हणाल तर आपल्याकडे लाईट जाते. साध्या स्विचवर मशीन चालू असताना लाईट गेली, तुम्ही स्विच बंद करायला विसरलात, ड्रमवर हात ठेवून कागद बघताय, आणि लाईट आली. डीओएल स्टार्टरमध्ये लाईट गेली की कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत सुरू होत नाही. शिवाय ओव्हरलोडला ट्रिप होतो. १६ अँपिअरचा सॉकेट, मोटर आणि लोखंडी भागांना अर्थिंग. फ्रिजच्या एक्स्टेंशन बोर्डावर हे चालवायचं नाही.

ड्रम फिरवायच्या आधीच वरून हूड (ड्रमवरचं झाकण) आणि पट्ट्याला गार्ड बसवा. हूड साध्या प्लायचं चालतं, वर ४ इंची पाइपचं तोंड. घरगुती व्हॅक्युम क्लीनरचा बारीक पाइप लावून उपयोग नाही, पाच मिनिटांत गच्च होतो, डस्ट कलेक्टर नसेल तर मशीन अंगणात काढा आणि चांगला एन ९५ मास्क घाला. रुमाल बांधून भागत नाही. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरला कारणीभूत ठरते हे सिद्ध झालेलं आहे, आणि पुढच्या टप्प्यात तर एमडीएफची धूळ आहे, ती जास्तच बारीक.

## टप्पा ६: ड्रम त्याच्या जागेवरच गोल करा

यासाठी एक घासफळी लागते. १८ मिमी एमडीएफ, रुंदी ४६० मिमी, लांबी ८०० मिमी, म्हणजे दोन्हीकडून टेबलच्या बाहेर राहील आणि तुमचे हात ड्रमपासून लांब. तिच्या मधल्या भागावर पूर्ण रुंदीभर ६० ग्रिटचा कागद चिकटवा. तुकडे जोडत असाल तर कडेला कड, एकावर एक अजिबात नाही, कारण तो चढ ड्रमवर खाच म्हणून उमटतो. तुमच्यापासून लांबच्या, पलीकडे बाहेर आलेल्या टोकाला खालून आडवी पट्टी मारा, टेबलच्या मागच्या कडेला अडकेल अशी, म्हणजे ड्रमने मागे ढकललं तरी फळी पोटात येणार नाही. 

आता पूर्ण ड्रमवर पेन्सिलने गिरगटा. लहान मुलासारखं, कुठे जागा रिकामी ठेवू नका.

टेबल खाली, घासफळी टेबलवर, मोटर चालू. हँडल अगदी हळू फिरवत टेबल वर घ्या. पहिल्यांदा टेकेल तेव्हा टक-टक-टक असा तुटक आवाज येईल, म्हणजे ड्रमचा फक्त उंच भाग लागतोय. तिथेच थांबून फळी तीन-चार इंच पुढेमागे हलवत राहा, एकाच जागी धरलीत तर कागदाच्या दाण्यांच्या रेघा ड्रमवर पडतात. आवाज मऊ झाला की हँडल आठवा भाग फेरा, त्याहून जास्त नाही. परत.

असं अर्धा-पाऊण तास जातं आणि मध्ये कंटाळा येतो. पंधरा मिनिटांनी मोटर बंद करा, ड्रम पूर्ण थांबल्यावर हूड उघडून पेन्सिल बघा. काही ठिकाणी खूण पूर्ण गेलेली, काही ठिकाणी जशीच्या तशी. जोवर एक जरी खूण शिल्लक आहे तोवर काम बाकी आहे. सगळ्या गेल्या की परत पेन्सिल मारा आणि एकदाच हलकं घासा, आता सगळीकडून एकदम पुसली गेली पाहिजे. आवाजही आता तुटक नसतो, एकसारखा हिस्स येतो, गॅसवर दूध वर यायच्या आधी येतो ना तसा.

तपासा: व्यास डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजा. टप्पा ३ नीट केला असेल तर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतो. दोन-तीन मिमी आला तर शाफ्ट समांतर नव्हता. मागे जा, वाईट वाटेल, पण जा.

गोल झाला की दोन्ही टोकांना १५-१५ मिमी रुंदीचा भाग एक मिलिमीटर खोल उतरवा, तिथे कागद धरून ठेवणारा चिकटटेप बसणार आहे. मग सँडिंग सीलर किंवा पातळ चपडीचे दोन हात. एमडीएफ उघडं ठेवलंत तर पावसाळ्यात, कोकणात तर विचारूच नका, ते दमट हवा पिऊन फुगतं आणि सगळी मेहनत वाया. सीलर सुकल्यावर घासफळीवर १२० चा कागद लावून एक हलका हात परत.

## टप्पा ७: आता कागद

वेल्क्रो की नुसता कागद, यावर लोक भांडतात. माझं मत: जाडी काढायची असेल तर वेल्क्रो नको. ते मऊ असतं, फळीच्या कडा गोल करतं. कापडी पाठीचा रोल सरळ ड्रमवर, टोकांना टेप.

पट्टी तिरकी गुंडाळत जाते, म्हणून सुरुवातीचं टोक तिरकं कापावं लागतं आणि इथे सगळे चुकतात. ड्रमचा घेर ३९३ मिमी. लोक पट्टीच्या कडेवर ३९३ मोजतात आणि तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारतात. ती तिरकी रेघ मग ४०० मिमीची होते, आणि ड्रमच्या कडेला बसणार आहे ती तिरकी रेघ, पट्टीची कड नव्हे. म्हणून मोजायच्या टेपचं टोक एका कोपऱ्यावर धरा आणि टेप तिरका करत करत ३९३ चा आकडा समोरच्या कडेला टेकेल तिथे खूण करा. ३ इंची म्हणजे ७५ मिमी धरलेल्या पट्टीवर ही खूण कडेवर मोजली तर सुमारे ३८६ वर येते. तुमचा ड्रम १२४ चा झाला असेल तर घेरही बदलला, तेव्हा आधी कागदाची पट्टी गुंडाळून खरा घेर मोजा.

एकूण पट्टी पावणेतीन मीटर लागते, तीन मीटर कापा. आणि आधी रद्दी पेपरची तशीच पट्टी कापून गुंडाळून बघा. तिरकं टोक कुठल्या बाजूला उतरायचं हे विचार करून कळत नाही, गुंडाळल्यावर लगेच कळतं.

गुंडाळताना:

१. प्लग काढा. स्टार्टर बंद आहे म्हणून नाही, प्लगच काढा.

२. सुरुवातीचं तिरकं टोक ड्रमच्या कडेला लावून फायबरच्या दोऱ्यांचा स्ट्रॅपिंग टेप त्या उतरवलेल्या पट्ट्यावर दोन वेढे घट्ट फिरवा.

३. आता ड्रम हाताने त्याच्या बाणाच्या दिशेने फिरवत, दुसऱ्या हाताने पट्टी ताणून धरत गुंडाळा. म्हणजे चिकटवलेलं टोक पुढे राहतं आणि लाकडाच्या घर्षणाने कागद आणखी ताणला जातो. उलट गुंडाळलात तर तोच कागद सैल होऊन फुगा येतो आणि फाटतो.

४. दोन वेढ्यांमध्ये केसाएवढी फट चालेल, एक मिलिमीटरही चालेल. एकावर एक चढलेलं मात्र अजिबात चालणार नाही. ती जळकी काळी रेघ म्हणतात ना, ती इथूनच येते.

५. शेवटचं टोक ड्रमच्या कडेबरोबर कापा, टेपचे दोन वेढे.

फळी दोन्ही टोकांच्या टेपखाली जाऊ द्यायची नाही, म्हणून कामाची रुंदी ४२० मिमी धरा.

## टप्पा ८: पहिली फळी

पॅकिंगचा पाईन घ्या, सागावर प्रयोग नकोत. पॅलेटचं लाकूड असेल तर खिळा राहिलाय का ते लोहचुंबकाने बघा, एक खिळा आणि सगळा कागद गेला.

मोटर बंद असताना फळी ड्रमखाली ठेवा, ड्रम हाताने फिरवत टेबल वर घ्या, खर्र आवाज आला की तो शून्य. फळी बाहेर काढा, मोटर चालू, मगच आत. ८० ग्रिटला पाव फेरा, १२० ला दहावा भाग. त्याहून जास्त घेतलं तर वेळ वाचत नाही, कागद भरतो आणि लाकूड जळतं. दोन फुटी फळीला साधारण पंचवीस सेकंद लागले पाहिजेत. अर्ध्यापर्यंत ढकला, मग पलीकडून ओढा, आणि मध्ये थांबू नका. जिथे फळी थांबते तिथे ड्रम आडवा खड्डा पाडतो, तो पुढचे चार पास जात नाही. कोणी मदतीला असेल तर एकाने ढकलायचं आणि एकाने ओढायचं, बायकोला किंवा भावाला पंधरा मिनिटं पकडून आणा.

फळीच्या सरळ मागे उभं राहायचं नाही, बाजूला. एक फुटापेक्षा लहान तुकडा सुटा घालायचा नाही, लांब फळीवर दुहेरी टेपने चिकटवून घाला. सैल बाह्या, हातमोजे, गळ्यातली साखळी काही नको.

समांतर आहे का बघायला सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या, दोन्ही एकदम एका पासमध्ये काढा आणि व्हर्नियरने मोजा. ०.१ मिमीच्या आसपास फरक असेल तर सोडून द्या, घरच्या मशीनला तेवढं पुष्कळ झालं. टेबल खाली घेऊन परत वर आणताना नेहमी खालून वरच या, वरून खाली येत माप लावलंत तर आट्यातल्या ढिलेपणामुळे चुकतं.

तरीही गडबड होत असेल तर:

आडव्या लाटा एकसारख्या अंतरावर येत असतील तर कागद काढा आणि टप्पा ६ परत करा. अंतर कमीजास्त असेल तर दोष तुमच्या हाताचा, फळी धक्क्याधक्क्याने जातेय.

फळीच्या लांबीत सरळ जळकी रेघ म्हणजे कागदाचा चढ, किंवा एका जागी राळ साचलीय. पाईन आणि साग दोन्हींची राळ कागदात भरते. चांभाराकडे क्रेप सोलचा तुकडा मिळतो, तो लांब पट्टीला चिकटवून चालू ड्रमवर हलका टेकवला की कागद बऱ्यापैकी साफ होतो. पट्टी लांबच हवी आणि टेकवायची ती फळीच्याच दिशेने, टेबलवरून.

फळीची दोन्ही टोकं पातळ निघत असतील तर फळी आत जाताना आणि बाहेर पडताना लटकतेय, पुढेमागे टेबलच्या उंचीला आधार द्या.

आणि चार मिमी जाडी काढायची असेल तर आधी रंधा मारा. हे मशीन रंध्याचं काम करत नाही, पाव-पाव मिमीने सोळा पास करत बसाल आणि रोल संपेल.

पावसाळा संपून हवा कोरडी झाली, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, एकदा कागद उतरवून ड्रमवर पेन्सिल मारा आणि घासफळी फिरवून बघा. सीलर लावलेला असला तरी माझ्या ड्रमवर दर वर्षी डाव्या टोकाला दोन-तीन खुणा जास्त वेळ टिकून राहतात, दहा मिनिटांचं काम असतं. घासफळी म्हणून टाकून देऊ नका, मशीनच्या मागे उभी करून ठेवा.